चिंगीच्या कानातला रक्ताचा एक थेंब

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सप्रेम नमस्कार.

आमची कुत्री चिंगी हिच्या दुसऱ्या इंजेक्शनच्या दिवशीच आपले आभार मानायचे ठरवून आलो होतो, पण बाहेरच्या बाकावर दोन कुत्री आणि एक मांजर ताटकळत होते, म्हणून पैसे देऊन तसाच निघालो. ते राहून गेलेले काम या जाहीर पत्राने करतो आहे. जाहीर अशासाठी, की माझ्या हातून जी चूक झाली ती आमच्या गल्लीतल्या इतर घरांतही होत असणार.

चिंगीने तीन दिवस अन्नाला तोंड लावले नव्हते. आधी जिथे नेले तिथे तापाचे इंजेक्शन आणि सलाईन मिळाले, एक दिवस ताप उतरला आणि पुन्हा चढला. चौथ्या दिवशी सकाळी अंगणातल्या फरशीवर तिने केलेली लघवी कोऱ्या चहासारखी दिसली, तेव्हा मुतखड्याची शंका धरून मी आपल्याकडे धावलो. आपण ती लघवी नळीत घालून यंत्रात फिरवलीत आणि नळी उजेडात धरून मला दाखवलीत. रक्त लघवीच्या मार्गातून येत असते, तर पेशी तळाशी बसून वरचे पाणी निवळले असते. इथे नळी वरपासून खालपर्यंत तांबूसच राहिली होती. "रक्त बाहेर वाहत नाहीये, आतल्या आत फुटतंय," एवढेच आपण म्हणालात. मी 31 वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले, पण तांबड्या पेशी फुटणे म्हणजे काय हे मला इतक्या थोडक्यात कधी सांगता आले नव्हते.

त्यानंतर आपण तिच्या कानाच्या कडेला सुई टोचून पहिलाच थेंब काचेवर घेतलात, कारण कानासारख्या टोकाच्या बारीक केशवाहिन्यांत बाधित पेशी अधिक सापडतात. काच रंगवून वाळल्यावर मला सूक्ष्मदर्शकाशी बोलावलेत. एका तांबड्या पेशीत दोन जांभळट थेंब निमुळत्या टोकांनी एकमेकांना चिकटून बसले होते. तो बबेसिया होता, गोचिडीच्या चाव्यातून रक्तात शिरणारा सूक्ष्म परजीवी; म्हणजेच चिंगीला गोचीड ताप होता. नुसते नाव सांगून आपण थांबला नाहीत. मोठ्या जातीचा बबेसिया इमिडोकार्बच्या इंजेक्शनला दाद देतो, लहान जातीचा सहसा देत नाही, म्हणून आकार नीट पाहिल्याशिवाय औषध ठरवायचे नाही, हे आपले सांगणे माझ्या लक्षात राहिले आहे. दोन लाखांच्या आसपास तरी असायला हव्यात त्या प्लेटलेट्स 42 हजारांवर आलेल्या पाहून आपण गोचिडीतूनच येणाऱ्या एर्लिकिया या जिवाणूची तपासणीही केलीत आणि तीही होकारार्थी आली. एकाच गोचिडीने दोन्ही पाहुणे आणले की दोन वेगवेगळ्या गोचिडींनी, हे चिंगीलाच ठाऊक.

आता माझी चूक. "माणसांची कुठली गोळी दिली आहे का?" असे आपण विचारलेत आणि मी नाही म्हणालो. पाच मिनिटांनी आपण तोच प्रश्न तितक्याच शांतपणे पुन्हा विचारलात, तेव्हा आदल्या रात्री माझ्या गुडघेदुखीची आयब्युप्रोफेनची अर्धी गोळी पोळीतून दिल्याचे कबूल केले. आपण रागावला नाहीत. कुत्र्यांत ती गोळी पोटात व्रण करते, मूत्रपिंडांना इजा करते आणि प्लेटलेट्स कमी असताना रक्तस्रावाचा धोका आणखी वाढवते, हे समजावून आपण पोटाचे औषध जोडलेत आणि मूत्रपिंडांची तपासणी त्याच दिवशी करवलीत. खरे उत्तर मिळेपर्यंत थांबण्याची आपली ती चिकाटी नसती, तर मी गप्पच राहिलो असतो, आणि या पत्राचे खरे कारण तेच आहे.

रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण 17 टक्क्यांवर घसरले होते. रक्त द्यावे लागले तर हाताशी असावा म्हणून आपण एका धडधाकट लॅब्रडॉरच्या मालकांना सांगून ठेवलेत आणि रात्री साडेदहाला दवाखाना पुन्हा उघडून तिच्या हिरड्या पाहिल्यात. प्रमाण आणखी घसरले नव्हते, त्यामुळे रक्त द्यावे लागले नाही. त्या लॅब्रडॉरच्या मालकांचेही आभार, आणि खुद्द त्याला पनीर पोहोचते केले आहे.

एर्लिकियावरच्या डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्यांचे 28 दिवस परवा पूर्ण झाले. पाचव्या दिवशी ती उड्या मारू लागली तेव्हा गोळ्या थांबवण्याचा मोह मला झाला होता, हेही सांगून टाकतो. आपण लिहून दिलेल्या कागदावर "बरी दिसली तरी" हे शब्द दोनदा अधोरेखित केलेले होते. गोचिडीची मादी कुत्र्यावरून उतरून भिंतींच्या भेगांत हजारो अंडी घालते असे आपण सांगितल्यामुळे गोठ्याच्या जुन्या भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजवल्या, फवारणीही करून घेतली. गोचिडी हाताने काढून रॉकेलच्या डब्यात टाकणे एवढाच माझा आजवरचा उपाय होता.

वजन कळवायला सांगितले होते: आज सकाळी 14 किलो 200 ग्रॅम भरले. हिरड्या गुलाबी आहेत. पुढच्या रक्ततपासणीला सोमवारी घेऊन येतो.

आपला कृतज्ञ,
चिंगीचा मालक, एक निवृत्त शिक्षक