अर्गानचा गर भाजायचा कशासाठी?

महोदय,

कालच्या पुरवणीतील मोरोक्कोच्या सौंदर्यतेलावरचा लेख वाचला. विषय निवडल्याबद्दल अभिनंदन. कृती मात्र कोणी तपासलेली दिसत नाही. अर्गान या तिथल्या झाडाच्या फळातला गर ‘खमंग भाजून’ काढलेले तेल चेहऱ्याला लावा, असे लेखिका सांगतात. भाजलेल्या गराचे तेल मोरोक्कोच्या सूस खोऱ्यातल्या अमाझिग, म्हणजे मूळच्या बर्बर (आपण ‘अरब’ छापले आहे!) बायका पावाशी खातात, बदाम-मध घालून त्याचे अमलू नावाचे चाटण करतात. अंगाला, केसांना लागते ते कच्च्या गराचे. लेखिकेचे ऐकणाऱ्यांच्या तोंडाला दिवसभर भाजक्या शेंगदाण्याचा वास येत राहील, एवढेच.

आईकडून मुलीकडे तोंडी आलेली ही कृती, त्यातली मधली पायरीच गाळली तर उरले काय? वाळल्या फळाची साल-गीर काढायची, टणक कोय दोन दगडांत धरून फोडायची. आत गर निघतो एक ते तीन. लिटरभर तेलाला असा २.५ ते ३ किलो गर लागतो. तो दगडी जात्यावर दळला की दाट लगदा पडतो. यापुढे लेखात थेट ‘तेल गाळून घ्यावे’. अहो, गाळणार काय? लगद्यावर कोमट पाणी थोडे थोडे शिंपडत तो बराच वेळ तिंबावा लागतो, तेव्हा कुठे तेल सुटते आणि हातात पेंडीचा घट्ट गोळा राहतो. पाणी एकदम ओतले तर लगदा पातळ होतो, तेल त्यातच अडकते. सुटलेले तेल निवळू द्यायचे आणि वरच्यावर काढून घ्यायचे; पाण्याचा अंश राहिला की ते लवकर खराब होते. सहकारी संस्थांत आता तेल यंत्रावर, बिनपाण्याचे निघते. कोय फोडणे मात्र अजून बायकांच्याच हाती आहे. युनेस्कोने २०१४ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतले ते हेच ज्ञान, आणि आपण छायाचित्र छापले झाडावरच्या शेळ्यांचे! त्यांतल्या कित्येक शेळ्या पर्यटकांसाठी मुद्दाम चढवलेल्या असतात.

शेवटच्या चौकटीतली ‘झटपट चढणारी काळी मेंदी’ तर कहर आहे. मेंदीच्या पाल्याचा रंग तांबूस-तपकिरी. झटपट काळा रंग येतो तो बहुधा केसांच्या कलपातल्या पीपीडी या रसायनामुळे, आणि त्याने कातडीवर फोड येऊ शकतात. लग्नसराई तोंडावर आहे. निदान ती चौकट तरी उद्याच्या अंकात मागे घ्यावी.

– एक वाचक, सांगली