खलाशांच्या खोलीतून

सँटोरिनी (ग्रीस), ऑक्टोबर

ती. आई-बाबांस सा. न.

फोटो पाठवला की बाबा अंगठा दाखवतात आणि आई "जेवलीस का" विचारते, म्हणून या वेळी पत्र.

ज्या व्हिलाचं भाडं ऐकून बाबा, तुम्ही दोन मिनिटं गप्प बसलात आणि मग "एवढ्यात आपलं स्वयंपाकघर नवीन झालं असतं" म्हणालात, त्याच्याच ओट्यावर बसून लिहितेय. आम्ही चौघींनी मिळून घेतलाय, तरी तुमचं चुकलं नव्हतं. समोर 300 मीटरच्या आसपास सरळ कडा, खाली समुद्र आणि मधोमध नेआ कामेनी नावाचं काळं बेट. सुमारे 3600 वर्षांपूर्वी ज्वालामुखी फुटून सँटोरिनीचा मधला भागच आत बसला, त्यात समुद्र शिरला. भाडं आहे ते या दृश्याचं.

पण बाबा, तुम्हाला दृश्यापेक्षा खोली आवडेल. ती बांधलेली नाही, कड्यात कोरलेली आहे. तोंड अरुंद, आत लांबच लांब, वर कमान. लाकडाचा एक वासा नाही, कारण बेटावर झाडंच फारशी नाहीत. दगड म्हणजे दाबून बसलेली ज्वालामुखीची राख, आणि हीच राख चुन्यात कालवली की पाण्याखालीसुद्धा घट्ट होते. पीपीसी सिमेंटच्या गोणीवरचा दुसरा पी, पोझोलाना! तुम्ही कोराडीच्या वीजकेंद्राची राख वापरायचात, इथे ती डोंगरानेच दिलीय. सुएझ कालव्याच्या बांधकामाला इथूनच गेली होती.

खरी गंमत पुढे आहे. या खोल्या गरिबांच्या होत्या. जहाजांचे कप्तान वर सपाटीवर दुमजली घरं बांधायचे आणि खलाशी खाली कड्यात राहायचे. 9 जुलै 1956 च्या पहाटे मोठा भूकंप झाला, 50 हून अधिक माणसं गेली, अनेकांनी बेट सोडलं. पुढे तिथल्या सरकारी पर्यटन संस्थेने इया गावातली पडकी घरं दुरुस्त करून पाहुण्यांसाठी उघडली. आता खलाशाच्या खोलीत झोपायला आपल्या स्वयंपाकघराएवढे पैसे पडतात.

हे कळल्यापासून तुम्ही बांधलेलं ते डोंगरावरचं विश्रामगृह डोक्यातून जात नाहीये. दरीकडच्या खोलीची खिडकी तुम्ही मुद्दाम खाली घेतली होती, साहेबांना पलंगावर पडल्या पडल्या दरी दिसावी म्हणून. आपण मात्र मागे खानसाम्याच्या खोलीत, समोर पाण्याची टाकी. तुम्ही स्वतः कधी त्या पलंगावर आडवे झालात का, हे मी कधी विचारलंच नाही.

आई, आता तुझे प्रश्न. हो, जेवते. इथे फावा म्हणून पिवळ्या डाळीचं घट्ट वरण करतात, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल. पहिल्या घासाला भंडाऱ्याची आजी आठवली. शोधलं तर ही आपल्या लाखोळीचीच चुलत बहीण निघाली. टोमॅटोची भजीही मिळतात, तिखट मात्र आपलं आपण न्यायचं. पाणी विकतचं. नदी नाही, पूर्वी घराखालच्या टाक्यात पावसाचं पाणी साठवायचे, आता समुद्राचं गोडं करतात. आणि तो दुसरा प्रश्न, जो तू फोनवर हळू आवाजात विचारलास: संडासात जेट नाही. पाइप इतके बारीक की कागदही आत टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. मी पहिल्याच दिवशी बाजारातून एक तांब्या... म्हणजे प्लास्टिकचा जग आणला.

तुम्ही यायचंय, मे महिन्यात. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा वारा नुसता झोडपतो. पण या व्हिलात नाही. रस्त्यापासून दारापर्यंत 74 पायऱ्या, सगळ्या वेगवेगळ्या उंचीच्या, कठडा अर्ध्यावरच संपतो. सामान माणूस खांद्यावरून आणतो, बाबांचे गुडघे कोण आणणार? शिवाय 2025 च्या फेब्रुवारीत भूकंपाचे इतके धक्के बसले की हजारो लोक बेट सोडून गेले होते. आईने ते टीव्हीवर पाहिलंय, मी लपवत नाही. आता शांत आहे. तिकिटं मात्र रद्द करता येतील अशीच काढणार.

काल मी बेटाच्या पूर्वेला कामारीत एक घर पाहून आले. सपाट जमीन, गाडी दारापर्यंत, चार पावलांवर काळ्या गोट्यांचा किनारा. भाडं इथल्यापेक्षा पुष्कळ कमी. सूर्य समुद्रातून उगवतो. आई तशीही पाचला उठून भांडी वाजवते, तिथे चहा घेऊन बाहेर बसेल.

मालकीणबाईंना विचारून मी पलंगावर आडवी झाले. समुद्र दिसला, पण दोन उशा घेतल्यावर. मग खिडकीची उंची मोजली: जमिनीपासून बरोबर तीन फूट. बाबा, तुम्ही तिथे किती ठेवली होती?

तुमची,
छकुली