दिवाळ्याच्या काकांना आभाराचं पत्र

काका, सादर नमस्कार.

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून इथे नुसतं 'काका'. नवी मुंबईतल्या दिवाळे कोळीवाड्यात वाचणारे ओळखतीलच.

तिवरांत अडकलेलं प्लास्टिक काढायला आमचा गट जी फायबरची होडी वापरतो, ती पावसाच्या आधी दुरुस्तीला ऐरोलीला न्यायची होती. पिकअप, ट्रेलर, ड्रायव्हर, आम्ही चौघं, सगळे सकाळीच होडी पाण्यातून ट्रेलरवर चढवायच्या उतारावर हजर. तुम्ही जाळं सांधत बसला होतात. मान वर न करता म्हणालात, "घाई नको बाय, पानी येऊं दे."

मग तुमची पाऊणकी आली, म्हणजे तिथीला पाऊणनं गुणून भरतीची वेळ काढायचा हिशोब. त्या दिवशी तृतीया होती. तीन पाऊणे सव्वादोन, म्हणजे सव्वादोनच्या सुमारास भरती पूर्ण. मोबाइलवरच्या तक्त्यातही जवळपास तीच वेळ होती. थांबायचं का, हेही तुम्ही तिथेच दाखवलंत. ओहोटीला उताराचं खालचं टोक उघडं पडतं. तिथे शेवाळ, आणि काँक्रीट संपलं की गुडघाभर गाळ. ट्रेलरचं चाक त्या कडेवरून खाली गेलं की पिकअप जागेवरच रुतणार. भरतीला हेच काम वरच्या खडबडीत भागावर होतं आणि गाडीची चाकं कोरड्यात राहतात. शिवाय भरती भरली की पाणी थोडा वेळ थबकतं. अमावास्येनंतरच्या उधाणात ओढ जोराची असते, होडी आडवी जाते, म्हणून ती थबकलेली वेळ साधायची.

ड्रायव्हरला तुम्ही दोनच गोष्टी सांगितल्यात. काच खाली ठेव आणि सीटचा पट्टा लावून बसू नकोस, गाडी घसरली तर चटकन बाहेर पडता आलं पाहिजे. खुणा एकट्या तुम्हीच करणार, बाकी कुणी ओरडायचं नाही. आमच्यात हौशी मार्गदर्शकांची कमी नाही, पण त्या दिवशी सगळे गप्प राहिले.

पण हे पत्र मी लिहितेय ते त्यानंतरच्या दोन मिनिटांसाठी.

होडी ट्रेलरवर ओढणाऱ्या चरखीचा, म्हणजे विंचचा पट्टा ताणला होता. माझा धाकटा भाऊ विंचच्या अगदी मागे, पट्ट्याच्या सरळ रेषेत उभा राहून नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, हात द्यायला वाकला होता. तुम्ही पाण्यातून आलात, त्याला दंडाला धरून बाजूला घेतलंत आणि विंच थांबवलीत. मग पट्टा उलटा करून दाखवलात. एका कडेचे धागे विरून मिशीसारखे उभे राहिले होते. भाडेकरारावर 'सर्व साहित्य सुस्थितीत' असं लिहिलेलं मी सकाळीच वाचलं होतं. ताणलेला पट्टा तुटला तर आकड्यासकट मागे उसळतो आणि त्याच्या रेषेत जो असेल त्याला लागतो. तिथे माझा भाऊ होता, काका.

तुम्ही ट्रेलर आणखी दोन हात पाण्यात घ्यायला लावलात. "वजन पाण्याला घेऊं दे," म्हणालात. खरंच, होडी हलकी झाली, आपोआप मधोमध आली आणि पट्ट्यावर नावापुरताच ताण राहिला. फार खोल गेलं तर ती ट्रेलरवर नीट बसत नाही, तिरकी तरंगते, हे सांगून त्याच्या पुढे मात्र जाऊ दिलं नाहीत. इंजिन आधीच वर उचलून ठेवलं होतंत. नाळेच्या कडीत साखळी स्वतः अडकवलीत, ओढून पाहिलीत, मगच ड्रायव्हरला हात दाखवलात. तोवर गाडी एक इंचही हलली नाही. वर सपाटीला आल्यावर मागचे दोन पट्टे बांधून घेतलेत, तळाचं बूच काढून आतलं पाणी वाहू दिलंत. संध्याकाळी ट्रेलरची चाकं गोड्या पाण्यानं धुवायची, नाहीतर बेअरिंगला गंज चढतो, ही ताकीदही दिलीत. धुतली, काका. नळीनं, भरपूर.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहाही टपरीवर तुम्हीच पाजलात. भावाला मी घरी आल्यावर सगळं पुन्हा समजावलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. आईला कळलं तेव्हा ती तुम्हाला भेटायला निघालीच होती, पाऊस थांबू दे म्हणून कशीबशी थोपवली. मनापासून, अगदी मनापासून आभार.

विंचचा पट्टा आम्ही स्वखर्चानं नवा घेतलाय. नारळी पौर्णिमा झाली की होडी पुन्हा पाण्यात सोडायची आहे. तिथी तुम्ही सांगा, त्या दिवशी येतो. आईही येईल.

तुमची,
ऐरोलीची बाय