विषय: टॅबलेट ठीक, कीबोर्ड ठीक, पण दोन्ही मिळून लॅपटॉप होत नाही, त्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,

तुमचा टू-इन-वन टॅबलेट, त्याचा चुंबकानं चिकटणारा कीबोर्ड आणि पेन असा पूर्ण सेट मी सात महिन्यांपूर्वी घेतला आणि या सात महिन्यांत तो तीन वेळा सर्व्हिस सेंटरला देऊन झाला. तिन्ही वेळा 'दोष आढळला नाही' असा शेरा मारून परत आला. आता चौथ्यांदा फोनवर सगळं पहिल्यापासून सांगायची माझी तयारी नाही, म्हणून लिहून पाठवतेय. प्लीज हे पत्र पूर्ण वाचा आणि ज्याला या मशीनमधलं खरंच कळतं अशा माणसाच्या हातात द्या.

मी भाषांतराचं काम करते. दिवसाचे सात-आठ तास टायपिंग, त्यातले निम्मे तरी टेबल-खुर्ची नसताना, कुठे वाट बघत बसलेय, कुठे प्रवासात आहे, घरी असले तरी पाठ दुखायला लागली की पलंगावर. आधीचा लॅपटॉप सहा वर्षं वापरला, त्याची बिजागरी सैल झाली होती, बॅटरी तासाभरात मान टाकायची, पण टाइप केलेलं एक अक्षर त्यानं कधी खाल्लं नाही. तो बदलायची वेळ आली तेव्हा तुमच्या जाहिरातीत सरळ लिहिलेलं होतं की हा टॅबलेट तुमच्या लॅपटॉपची जागा घेईल, आणि वर फोटो होता, एक बाई सोफ्यावर बसून मांडीवर घेऊन टाइप करतेय. मी त्या फोटोवर आणि त्या वाक्यावर विश्वास ठेवून घेतला, दुसरं कुठलंही कारण नव्हतं. नुसता टॅबलेट हवा असता तर याच्यापेक्षा खूप साधा चालला असता.

आता प्रॉब्लेम. टेबलावर सपाट ठेवलं की कीबोर्ड नीट चालतो. मांडीवर घेतलं की टॅबलेटच्या खालच्या कडेला ज्या बारीक पिना आहेत त्यांचा आणि कीबोर्डच्या पट्टीचा कॉन्टॅक्ट मध्येच सुटतो. पेन ड्राइव्ह काढल्यावर येतो तसा आवाज येतो, लगेच परत जोडल्याचा आवाज, मध्ये सेकंद-दीड सेकंद जातो आणि तेवढ्यात दाबलेली सगळी बटणं हवेत जातात. कधी त्याच फटीत स्क्रीनवरचा टच कीबोर्ड उघडतो आणि अर्धं पान झाकून टाकतो, तो बंद करायला हात वर न्यायचा, तोवर वाक्य डोक्यातून गेलेलं. हे तरी कळतं. जास्त त्रास आहे तो बारीक सुटण्याचा, ज्यात आवाजसुद्धा येत नाही, फक्त एखादं बटण जातं.

एक बटण गेलं तर काय होतं ते सांगते, कारण तुमच्या फोनवरच्या मुलाला ते किरकोळ वाटलं होतं. मी इनस्क्रिप्टमध्ये टाइप करते, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्ड लेआउटमध्ये. त्यात स्वर, मात्रा आणि अक्षराचा पाय मोडायचं बटण हे डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. 'प्र' लिहायचं म्हणजे प, मग पाय मोडायचं बटण, मग र, अशी तीन बटणं. मागच्या महिन्यात एका कराराच्या भाषांतरात 'सही केलेली प्रत पाठवावी' या वाक्यातलं ते मधलं बटण गेलं आणि झालं 'सही केलेली परत पाठवावी'. स्पेलचेकनं धरलं नाही कारण 'परत' हा शब्द बरोबरच आहे. मी दोनदा वाचलं, पण स्वतःचं लिहिलेलं वाचताना डोळ्याला तेच दिसतं जे मनात असतं. समोरच्यांनी मूळ सही केलेले कागदच परत पाठवून दिले. पुढे फोन झाले, खुलासा झाला, माफी मागून झाली, पण त्या लोकांचं पुढचं काम मला आलेलं नाही. दहा वर्षं मी हे काम करतेय आणि अशा चुकीसाठी मला पहिल्यांदा कोणाची माफी मागावी लागली. तेव्हापासून प्रत्येक पान मी मोठ्यानं वाचून तपासते, म्हणजे जे काम चार तासांचं ते पाच-साडेपाच तासांचं झालंय.

हे मांडीवरच का होतं ते मी माझ्या परीनं शोधलं, आणि मला वाटतं तुमच्या इंजिनीयर लोकांना हे आधीपासून माहीत असणार. लॅपटॉपचं वजन खाली असतं, बॅटरी, बोर्ड सगळं कीबोर्डखाली, वरची स्क्रीन हलकी, म्हणून तो मांडीवर बसतो. तुमच्या मशीनमध्ये उलटं आहे, सगळं वजन स्क्रीनमध्ये आणि खाली पुठ्ठ्यासारखा पातळ कीबोर्ड. स्क्रीन उभी राहते ती मागच्या स्टँडच्या कडेवर, ती कड येते गुडघ्याजवळ, आणि मांडी काही पाट नाही, ती गोल असते, हलते. जरा जोरात बटण दाबलं की कीबोर्ड मध्ये वाकतो आणि तो पीळ जातो थेट पिनांच्या पट्टीवर. चुंबक धरून ठेवतो म्हणून बाहेरून सगळं जोडलेलंच दिसतं, पण पिना आत इतक्याशा स्प्रिंगवर असतात, त्या क्षणभर उचलल्या जातात. स्टँड अजून मागे पसरवून बघितला, कीबोर्डची वरची पट्टी स्क्रीनला चिकटवून आणि सपाट टाकून दोन्ही करून बघितलं. सपाट टाकल्यावर थोडं कमी होतं, पण मग मांडी अजून लांब लागते आणि माझी उंची जेवढी आहे तेवढीच आहे.

बरं, ही काही नवी चीज नाही की तुम्हाला शिकायला वेळ पाहिजे. एसूसचा ट्रान्सफॉर्मर हा असाच कीबोर्ड लावायचा टॅबलेट २०११ मध्ये आला, त्याच्या कीबोर्ड डॉकमध्ये वेगळी बॅटरी होती आणि टॅबलेट खाचेत लॉक व्हायचा, त्यामुळे खाली वजनही होतं आणि सांधाही घट्ट. मायक्रोसॉफ्टनं चुंबकाचं कीबोर्ड कव्हर आणि मागचा स्टँड २०१२ मध्ये आणला, ॲपलनं आयपॅड प्रोला तीन ठिपक्यांचा कनेक्टर २०१५ मध्ये दिला. म्हणजे पातळ कव्हर घ्यायचं की घट्ट सांधा घ्यायचा हा विचार करायला या धंद्याला दहा वर्षांहून जास्त मिळाली आहेत. तुम्ही पातळ कव्हर निवडलंत, ठीक आहे, तो तुमचा निर्णय. पण मग मांडीवरचा फोटो छापायचा नाही.

आता सर्व्हिस सेंटरचं. पहिल्यांदा दिला तेव्हा त्यांनी टॅबलेट टेबलावर ठेवून टेस्ट चालवली, पास. कीबोर्ड दुसऱ्या टॅबलेटला लावला, पास. मी म्हटलं दोन्ही एकत्र, जरा तिरकं धरून, हाताखाली आधार न देता टाइप करून बघा, तर म्हणाले अशी टेस्ट आमच्या यादीत नाही. दुसऱ्यांदा दिला तेव्हा मला न विचारता फॅक्टरी रीसेट मारला. फॉर्मवर मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं की डेटाला हात लावू नका. माझा बॅकअप होता म्हणून वाचले, पण फॉन्ट, कीबोर्ड लेआउट, शब्दसंग्रह, ट्रान्सलेशन मेमरी (म्हणजे आधी केलेल्या भाषांतरांचा साठा) हे सगळं परत बसवायला दीड दिवस गेला, आणि ज्या गोष्टीचा पिनांशी संबंध आहे तिला रीसेट मारून काय होणार होतं हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. तिसऱ्यांदा फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केलं म्हणाले. त्यानं एवढंच झालं की सुटलेला कीबोर्ड आता जरा लवकर जोडला जातो. सुटतो तेवढाच.

आणि तिसऱ्याच वेळी मला कळलं की टॅबलेटची वॉरंटी एक वर्ष आणि कीबोर्डची सहा महिने, कारण कीबोर्ड ही ॲक्सेसरी आहे. हे वाक्य मला फार लागलं. जाहिरातीत दोन्ही मिळून एक लॅपटॉप, आणि तक्रार आली की एक मशीन आणि एक ॲक्सेसरी. टॅबलेटवाले म्हणतात टॅबलेट ठीक, कीबोर्डवाले म्हणतात कीबोर्ड ठीक आणि मुदतही संपली, आणि दोष आहे तो दोघांच्या मधल्या सांध्यात, तर तो सांधा कोणाच्या खात्यात येतो? माझी पहिली तक्रार दुसऱ्याच महिन्यात नोंदवलेली आहे, तुमच्याकडे तारखेसकट असेल, त्यामुळे मुदतीचं कारण मला सांगू नका.

दुसरी एक गोष्ट आहे, एवढी मोठी नाही पण लॅपटॉप म्हणून वापरायचं तर महत्त्वाची. रात्री कव्हर मिटवून ठेवलं तर सकाळी बॅटरी निम्मी झालेली असते, एकदा तर बॅगेतून काढला तो गरम निघाला. तुमच्या हेल्पलाइननं बॅटरी खराब असेल म्हटलं. मी विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढला, बॅटरीची क्षमता जवळजवळ नव्यासारखी आहे. मग स्लीप स्टडीचा रिपोर्ट काढला, ज्यात मशीन झोपलेलं असताना आत काय चालू होतं ते कळतं, तेव्हा दिसलं की मशीन रात्रभर नीट झोपतच नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये एस-थ्री स्लीप होती, झाकण बंद की फक्त रॅमला वीज, बाकी सगळं बंद. यात मॉडर्न स्टँडबाय आहे, फोनसारखं, स्क्रीन काळी होते पण आत काम चालू राहू शकतं. आता मी झाकण बंद केल्यावर हायबरनेट होईल, म्हणजे उघडलेलं काम जतन करून मशीन पूर्ण बंद होईल, असं सेटिंग केलंय आणि प्रश्न मिटला. पण हे मला स्वतः शोधावं लागलं, हेल्पलाइनवर तीन कॉलमध्ये एकानंही सांगितलं नाही, उलट बॅटरी बदलायला सांगत होते, आणि बॅटरी तुमच्या मशीनमध्ये गोंदानं चिकटवलेली, म्हणजे त्यासाठी स्क्रीन उखडणार.

फॅन नसल्यामुळे व्हिडिओ कॉल चालू असताना दोन मोठ्या फाइल उघडल्या की मशीन तापून हळू होतं, तेही आहे, आणि यूएसबी-सीचं एकच पोर्ट आहे, त्यामुळे चार्जिंग चालू असताना पेन ड्राइव्ह लावायला हब लागतो. हे दोन्ही मला घेताना माहीत होतं, त्याची तक्रार नाही.

आणि जे चांगलं आहे तेही लिहिते, म्हणजे तुम्हाला वाटू नये की मी फक्त भांडायला बसलेय. स्क्रीन तीनास दोनच्या प्रमाणातली आहे, त्यामुळे पानाचा जास्त भाग एका नजरेत येतो, भाषांतराला ते फार सोयीचं पडतं. कीबोर्ड काढून, हातात धरून, पेननं पीडीएफवर खुणा करत वाचणं हे मला इतकं आवडलंय की परत कागदावर प्रिंट काढावीशी वाटत नाही. पेन टेकवल्यावर तळहात स्क्रीनवर ठेवला तरी उगाच रेघ उमटत नाही. टॅबलेट म्हणून हे मशीन खरंच छान बनवलंय, आणि म्हणूनच जास्त वाईट वाटतं, कारण ज्यांनी पेनवर एवढी मेहनत घेतली त्यांना हा सांधा नीट करता आला नसता असं मला वाटत नाही.

मला काय हवंय ते सांगते. माझा टॅबलेट आणि कीबोर्ड दोन्ही एकत्र तपासा, टेबलावर नाही, मांडीवर किंवा मऊ गादीवर ठेवून, सलग तासभर टाइप करून, आणि मी समोर असताना. दोष दिसला तर कीबोर्ड वॉरंटीत बदलून द्या, आणि त्यानंही सुटणं थांबलं नाही तर सेट परत घेऊन पैसे द्या. माझ्या परवानगीशिवाय पुन्हा रीसेट मारायचा नाही. आणि पुढच्या ग्राहकांसाठी एक, जोवर कीबोर्ड तुमच्या हिशोबात ॲक्सेसरी आहे तोवर तो सोफ्यावरचा फोटो काढून टाका, नाहीतर कीबोर्डलाही टॅबलेटएवढीच वॉरंटी द्या.

उत्तर लेखी हवं, ईमेलवर, फोन नको, फोनवर झालेलं बोलणं पुढच्या माणसाला कधीच माहीत नसतं. सोबत तिन्ही वेळच्या सर्व्हिसच्या पावत्या, वॉरंटी कार्ड आणि दोन्ही रिपोर्ट जोडलेत. एक व्हिडिओ पण आहे, चार मिनिटांचा, माझ्या भाचीनं बाजूला बसून काढलेला, मी मांडीवर घेऊन एकच परिच्छेद टाइप करतेय, त्यात पाच वेळा कीबोर्ड सुटलाय. दुसऱ्या मिनिटाला कॅमेरा खाली सांध्याजवळ नेलाय, तिथे आवाज बंद करून नीट बघा, चुंबक जागच्या जागी आहे आणि तरी मधल्या फटीतून उजेड दिसतो.

कळावे,
तुमची एक ग्राहक