सुध्या, ती माती तशीच राहू दे

लष्कर, ग्वाल्हेर

प्रिय सुध्या,

तुझा फोटो पाहिला आणि लगेच लिहायला बसलो. इंग्लंडात तुझ्या मुलाच्या हिरवळीवर उठलेल्या त्या मातीच्या ढिगांवर कृपा करून औषध टाकू देऊ नकोस. ते ढीग मुंग्यांचे नाहीत. तुला दिसलेली तांबूस, केसाळ माशी म्हणजे अँड्रीना फुल्वा, जमिनीत बीळ खणणारी एक मधमाशी. इंग्लंडात तिला टॉनी मायनिंग बी म्हणतात. मादी अशी झळाळती, नर बारीक आणि मळकट तपकिरी.

सूनबाईंना सांग, घाबरायचं कारण नाही. या माश्यांना पोळं नाही, राणी नाही, त्यामुळे झुंडीने अंगावर येणंही नाही. प्रत्येक मादी आपलं बीळ एकटी खणते. आत कोठड्या, प्रत्येकीत पराग आणि मकरंदाचा गोळा, त्यावर एकच अंडं, की तोंड बंद. त्याआधी पोटातल्या ग्रंथीच्या स्रावाने कोठडी आतून लिंपते, आजी बाळंतिणीची खोली सारवायची तशी. ओल आत शिरत नाही.

पुढचं नीट वाच. वसंत सरता सरता आई मरते. अळी तो गोळा खाऊन वाढते, त्याच वर्षी तिची माशी होते, पण ती बाहेर येत नाही. अख्खा हिवाळा जमिनीखाली काढून पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये निघते. म्हणजे आज औषध टाकलंत, तर पुढच्या वसंतातल्याही मेल्या! शेजारच्या सफरचंदाला फळ धरतं त्यात यांचाही वाटा आहे.

आपल्याकडे मुरैना रस्त्याला सरसों फुलते ना, उत्तरेतल्या त्या पिकावर याच गटातल्या अँड्रीना लीएना आणि इलर्डा येतात. शेतकरी भेटला की मी सांगतो, मावा किडीवर फवारायचंच तर संध्याकाळी फवार, माश्या फुलांवर नसताना. काही ऐकतात. पण शहरात या माश्यांनी खणायचं कुठे? आपल्या वाड्याचं अंगणही फरशीखाली गेलं, याचं मला फार वाईट वाटतं.

गवत कापायचं तर कापा, माती उकरू नका. आणि लांब सोंडेची, गुबगुबीत केसाळ अशी दुसरीच एक माशी (मधमाशी नव्हे) त्या भोकांवर तरंगताना दिसली, तर तिचाही फोटो काढ. ती आपली अंडी त्या बिळांच्या तोंडाशी उडवते. तिच्या अळ्या आतल्या अळ्यांवर जगतात. तिलाही हाकलू नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरुण