वाहाका ते पालेंके: नावं विचारायची राहिली

वाहाकाहून रात्रीची बस धरून आम्ही दोघी सान क्रिस्तोबालला उतरलो तेव्हा पहाटेची थंडी हाडांत शिरत होती. मेक्सिको म्हणजे ऊन, या भ्रमात स्वेटर सॅकच्या तळाशी! गाव जवळजवळ २,२०० मीटर उंचीवर आहे हे बघितलंच नव्हतं. स्टँडबाहेर आतोले, म्हणजे मक्याचं गरम पातळ पेय, विकणाऱ्या मावशींनी आम्हाला शेगडीजवळ बसवलं. दुसऱ्या पेल्याचे पैसे घेतले नाहीत. त्यांचे आभार आधी.

मग ओकोसिंगोमार्गे पालेंके. वळणांमागून वळणं, आणि प्रत्येक वाडीला 'तोपे', म्हणजे गतिरोधक. माझ्या पोटातलं सगळं वर आलं. शेजारच्या त्सेल्ताल (इथल्या मूळ रहिवाशांपैकी एक जमात) आजींनी काही न बोलता पिशवी पुढे केली, लिंबू कापून नाकाशी धरलं. (थेट आपल्या एसटीतली आजीच.) त्यांना स्पॅनिश जेमतेम येत होतं, मला त्याहून कमी.

पुढे गावकऱ्यांनी रस्ता अडवलेला. व्हॅन थांबली, आमचे चेहरे उतरले. एका शाळकरी मुलानं माझी सॅक उचलली, अडथळ्यापलीकडे चालत नेलं, दुसऱ्या कोलेक्तिवोत, म्हणजे शेअर व्हॅनमध्ये, बसवलं, ड्रायव्हरला ठिकाण सांगितलं आणि पळाला. खिशात हात घालायलाही वेळ दिला नाही.

पालेंकेच्या दमट जंगलात, १९५२ साली प्राचीन माया संस्कृतीतल्या पाकाल राजाची कबर जिथे सापडली त्या मंदिरासमोर उभी होते, तरी हाताला लिंबाचाच वास.

मावशी, बाळा, ग्रासियास. आणि आजी, तुमच्या भाषेत: वोकोल आवाल.