रायफल आली, साइट मागं राहिली आणि आमचे कान गेले: संरक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय संरक्षण मंत्री महोदय,
सादर जय हिंद.

परवा टपालानं माझ्या कानाच्या अर्जावर एका कार्यालयाचं पत्र आलं. माझ्या दोन्ही कानांचं जे झालंय ते सेवेमुळे झालेलं नाही आणि सेवेमुळे वाढलेलंही नाही, असं त्यात दोन ओळींत लिहिलंय, खाली सही शिक्का. कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की एखाद्या क्लार्कवर ढकलून बाकी सगळे मोकळे होतात, आणि मला क्लार्कशी भांडायचंच नाहीये, मला तुमच्याशी बोलायचंय.

मी सातारा जिल्ह्यातला, इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालो. नोकरीतली बरीच वर्षं फायरिंग रेंजवर उस्ताद म्हणून गेली. रेंजवर उस्ताद कुठं उभा असतो हे त्या पत्रावर सही करणाऱ्या साहेबांनी कधी बघितलंय का? जवान आपले राउंड मारतो, उठतो, जातो. उस्ताद तिथंच. एक डिटेल, म्हणजे फायर करणाऱ्यांची एक तुकडी, झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी, आणि शिकवायचं म्हणजे लांब उभं राहून चालत नाही, पोराच्या खांद्याशी वाकून बघावं लागतं श्वास कुठं धरतोय, ट्रिगर झटक्यानं ओढतोय का. आधी एसएलआर रायफल, मग इन्सास. रायफलचा एक राउंड कानाशी १५५ ते १६० डेसिबलच्या आसपास जातो आणि १४० च्या वरचा एकच धमाका कानाला कायमची इजा करू शकतो, हे मी नाही सांगत, जगभरचे कानाचे डॉक्टर सांगतात. आम्हाला काय होतं? कापसाचे बोळे. भरतीच्या मेडिकलला कान ठणठणीत होते असं माझ्याच कागदावर लिहिलंय. मग बिघडले कुठं, शेतात?

रात्री दोन वाजता कानात शिट्टी वाजायला लागते ती पहाटेपर्यंत. बायको बोललेलं ओठ बघून समजून घेतो. नातवंडं आता माझ्याशी बोलतच नाहीत, हातानं खुणा करतात. किराणा दुकानात मी मोठ्यानं बोलतो म्हणून लोकांना वाटतं म्हातारा भांडतोय. हे सगळं तीन-चार वेळा अर्जात लिहिलं, मेडिकल बोर्ड झालं, अपील झालं आणि शेवटी या दोन ओळी. सुप्रीम कोर्टानं २०१३ सालीच सांगून ठेवलंय की भरतीच्या वेळी माणूस धडधाकट असेल आणि त्याच्या कागदावर आधीच्या आजाराची नोंद नसेल, तर आजार सेवेमुळेच झाला असं धरायचं, नाही म्हणायचं असेल तर ते सरकारनं सिद्ध करायचं. तरी प्रत्येक सैनिकाला वेगळं कोर्टात जायला का लावता तुम्ही? सरकारी वकिलाची फी भरायला पैसे आहेत, इयरप्लगला नव्हते!

पण साहेब, माझे कान गेले ते गेले. मी पत्र लिहायला बसलो ते पुढच्या पोरांसाठी, आणि हे दोन विषय वेगळे नाहीत, ते एकच आहे. तुमच्या मंत्रालयाला रायफल म्हणजे फक्त रायफल दिसते. तिच्याबरोबर साइट, म्हणजे नेम धरायचं साधन लागतं, राउंड, म्हणजे गोळ्या लागतात, सरावाचे वेगळे राउंड लागतात, मारणाऱ्याचा कान लागतो, हे कुणाच्या हिशेबातच नसतं. बैलजोडी दाराशी आणून बांधायची आणि नांगर सहा वर्षांनी, असला हा कारभार.

सहा वर्षं उगाच म्हणत नाही. सिग कंपनीच्या ७१६ रायफलींचा पहिला करार २०१९ च्या फेब्रुवारीत झाला, ७२,४०० रायफली, सातशे कोटींच्या आसपास, फास्ट ट्रॅकवर. चांगली रायफल आहे, ७.६२ बाय ५१ चा राउंड, लागला की माणूस उठत नाही. २०२४ ला अजून ७३ हजारांची ऑर्डर दिली. आणि याच रायफलीच्या रात्रीच्या साइटचा ६५९ कोटींचा करार तुमच्या मंत्रालयानं केला कधी, तर १५ ऑक्टोबर २०२५ ला. अहो, घुसखोर काय दुपारी जेवून येतो का? मधल्या काळात कुठल्या युनिटनं, कुठल्या कमांडनं आपापल्या फंडातून थोड्याफार साइट्स घेतल्या असतील, ते वेगळं, पण रायफल आणि तिचे डोळे यांच्या करारात साडेसहा वर्षांचं अंतर कसं पडतं हे मला कुणीतरी समजावून सांगा. फोटोत रायफल छान दिसते, फोटो दिवसाच काढतात.

जे कधी रेंजवर गेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. साध्या लोखंडी साइटवर डोळा, बॅकसाइट, फोरसाइट आणि टार्गेट हे सगळं एका रेषेत आणायचं असतं. ३०० मीटरवरचा माणूस फोरसाइटच्या टोकामागं जवळजवळ झाकला जातो. उजेड गेला की टोकच दिसत नाही, मग अंदाजानं मारायचं. रेड डॉटमध्ये दोन्ही डोळे उघडे ठेवून ठिपका टार्गेटवर ठेवला की झालं. रात्रीची इमेज इंटेन्सिफायर चांदण्यांचा उजेड वाढवून दाखवते, या नव्या करारातली तर चांदण्यांच्या उजेडात ५०० मीटरपर्यंत चालेल असं सांगितलंय, आणि थर्मल अंगाची उष्णता बघते म्हणून पूर्ण काळोखात आणि धुरातही चालते. ही चैन नव्हे. आधी कोण कुणाला बघतो यावर कोण घरी परत येतो ते ठरतं.

आणि साइट आली, बसवली, स्क्रू आवळला, संपलं असं नसतं हो. तिचं झिरोइंग करावं लागतं, म्हणजे जिथं नेम तिथंच गोळी लागेल अशी ती जुळवावी लागते. प्रत्येक रायफलवर, त्या त्या जवानाच्या हातानं, ग्रुपिंग म्हणजे गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडतात ते बघून, परत फिरवून, परत मारून. राउंड खर्च होतात. राउंडाची जात बदलली की झिरो सरकतो. १०० मीटरला झिरो केलेली सिग ३०० ला सव्वा फुटाच्या आसपास खाली मारते, एके रायफलीचा ७.६२ बाय ३९ चा राउंड दोन फुटांहून जास्त खाली जातो. वर डोंगरात हवा विरळ म्हणून गोळी वेगळी जाते, थंडीत बारुदाची ताकद बदलते. हे पोराच्या अंगात मुरायला शेकडो राउंड लागतात, आणि आमच्याकडे पिढ्यानपिढ्या राउंड मोजून आणि रिकाम्या केस, म्हणजे पुंगळ्या, जमा करून घेण्यातच अर्धा दिवस जातो, एक केस गवतात हरवली तर अख्खी कंपनी रांगेत वाकून शोधत बसते.

राउंडांचं तर विचारूच नका. कॅगचा २०१७ चा अहवाल काढून बघा. दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकार दहा दिवसांच्या लढाईला पुरतील इतकेही नव्हते, आणि साठा ४० दिवसांचा असायला हवा असं तुमचंच मानक. आता परिस्थिती सुधारली म्हणताय, बरं आहे, मग तसे आकडे संसदेत ठेवा की. २०२१ ला ४१ ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या सात कंपन्या केल्या. दारूगोळ्याच्या कंपनीचं मुख्यालय आमच्या पुण्यात खडकीला. खडकीची फॅक्टरी १८६९ पासूनची, वरणगावची १९६४ ची, इथल्या माणसांनी कित्येक लढायांना राउंड पुरवलेत. बोर्डाच्या जागी कंपनी आली, पाटी बदलली, भंडाऱ्याच्या फॅक्टरीत २४ जानेवारी २०२५ ला स्फोट होऊन किमान आठ कामगार गेले. त्यांच्या घरच्यांनाही असंच दोन ओळींचं पत्र जाऊ नये एवढंच म्हणतो.

कारगिलला इन्सासच्या प्लास्टिक मॅगझिनला थंडीत तडे गेले हे सगळ्या देशानं वाचलं. पुण्याच्या पाषाणला एआरडीई या शस्त्रांच्या सरकारी प्रयोगशाळेत डिझाइन झालेली रायफल आमची, तिला शिव्या देताना मला वाईट वाटतं, कारण त्या रायफलीनं पोरं शिकवलीत मी आणि ग्रुपिंगला ती वाईट नव्हती. पण चूक कळल्यावर किती वर्षं? २०११ ला मल्टी कॅलिबर, म्हणजे वेगवेगळ्या मापाचे राउंड चालणाऱ्या रायफलींचं टेंडर काढलं, ६६ हजारांचं, २०१५ ला रद्द. कार्बाइनचं, म्हणजे जवळच्या लढाईतल्या आखूड बंदुकीचं, तर रामायण आहे, २०१८ ला यूएईच्या कंपनीची निवडली, ९३ हजारांहून जास्त घ्यायच्या होत्या, २०२० ला तेही रद्द, आणि जवान दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या डिझाइनची नऊ एमएम स्टर्लिंग घेऊन उभा. आता कुठं सव्वाचार लाख कार्बाइनींचा करार झालाय, मोठा वाटा पुण्याच्या भारत फोर्जकडे, याचा मला मनापासून आनंद आहे. उत्तर प्रदेशातल्या कोरव्याच्या एके २०३ रायफलीच्या कारखान्याचं उद्घाटन मार्च २०१९ ला, सहा लाखांवर रायफलींच्या करारावर सही डिसेंबर २०२१ ला आणि पहिल्या ३५ हजार हातात पडल्या २०२४ ला. उद्घाटन आधी, करार नंतर, रायफल शेवटी!

अमेरिकेनं काय केलं बघा. नवी ६.८ एमएमची रायफल घेताना राउंड, आवाज कमी करणारा सप्रेसर आणि लेझरनं अंतर मोजून कुठं धरायचं ते दाखवणारी साइट असं सगळं एकाच कार्यक्रमात घेतलं. साइटचा करार जानेवारी २०२२ ला आणि रायफलीचा एप्रिलला, म्हणजे साइट आधी! रायफल कुणाची, तर त्याच सिगची, जिच्याकडून आपण घेतली. त्यांच्याकडे पैसा जास्त आहे हे उत्तर मला देऊ नका. क्रम लावायला पैसा लागत नाही.

माझा पुतण्या आत्ता सेवेत आहे, कुठं ते लिहिणार नाही. त्याच्या मागून अग्निवीर येतायत, सहा महिन्यांचं ट्रेनिंग, चार वर्षांची नोकरी, त्यातले चारात एक राहणार. एवढ्या कमी वेळात पोरगा नवी रायफल, नवी साइट, दोन-तीन जातींचे राउंड शिकणार कधी? आणि चार वर्षं रेंजवर कान फोडून घेऊन बाहेर पडलेल्या पोराला तिशीत ऐकू यायचं कमी झालं तर तो कुणाच्या दारात जाणार, आम्हाला पेन्शन असून तुम्ही असं करता! या देशात गणवेशातल्या माणसाला स्टेजवर हार आणि टेबलासमोर खुर्चीसुद्धा नाही, तहसीलात तेच, हॉस्पिटलात तेच, बँकेत तेच. सगळी यंत्रणाच अशी झालीय की मागणारा चोर आणि नाकारणारा प्रामाणिक. २६ जानेवारीला शाळेत मला बोलावतात भाषणाला, मी जातो, पोरांना देशासाठी जा म्हणून सांगतो. यंदा काय सांगू?

मागण्या सांगतो. इथून पुढं रायफलीचा कुठलाही करार साइट, झिरोइंगचे राउंड आणि कानाचं संरक्षण एकत्र असल्याशिवाय सही करू नका. सप्रेसर सगळ्यांना परवडत नसेल तर निदान चांगले इयरमफ प्रत्येक रेंजवर, उस्तादाला आणि टार्गेटपाशी काम करणाऱ्या बट पार्टीलाही. प्रत्येक जवानाच्या कानाची तपासणी दरवर्षी, आणि तो कागद त्याच्या हातात द्या. दरवर्षी एका जवानाला सरावाला किती राउंड मिळतात तो आकडा जाहीर करा, त्यात शत्रूला कळण्यासारखं काही नाही, आपल्यालाच लाज वाटेल म्हणून लपवता. आणि रेंजवर नोकरी काढलेल्या माणसाचा कानाचा अर्ज सरळ मंजूर करा, कोर्टात पाठवू नका.

माझी केस मी मुंबईच्या आर्म्ड फोर्सेस ट्रिब्यूनलमध्ये टाकतोय, वकील बघितलाय. तुमच्या लोकांनी तिथं माझ्याविरुद्ध उभं राहण्याआधी माझ्या सर्व्हिस रेकॉर्डमधली रेंजवरच्या ड्युटीची पानं वाचावीत, सगळी आहेत, झेरॉक्स जोडलीय.

आपला,
एक निवृत्त हवालदार,
जि. सातारा